रोबोशेजारी उभे राहिलेल्या डॉक्टरांना

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

माझ्या हर्नियाच्या रोबोटिक ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावर सर्जन मॅडमचं नाव आहे, भूलतज्ज्ञांचं आहे. तुमचं नाही. म्हणून हे उघड पत्र. नाव मीही घालत नाही, तुम्ही संकोचाल.

मी 32 वर्षं भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली. रोबो मी पाहिलाय, आणि अडचण तीच होती. वेल्डिंगचा रोबो जाळीच्या कुंपणात ठेवतात, कारण समोर जॉब, म्हणजे काम करायचा तुकडा, आहे की माणूस, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. प्रोग्रॅम दिला की हात फिरणार. असल्या हाताखाली पोट उघडं टाकून झोपायचं? मुलगी म्हणत होती, "बाबा, हल्ली सगळे रोबोटिकच करतात." सगळे करतात म्हणून मी आजवर काही केलेलं नाही, सदाशिव पेठेत वाढलोय.

ओपीडीत तुम्ही हे ऐकून हसला नाहीत. माझ्याच जुन्या रिपोर्टच्या पाठीमागे आकृती काढलीत. रोबो स्वतःहून काहीच करत नाही, मॅडम त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे रोबो चालवायच्या टेबलावर, बसणार, त्यांचा हात हलला तरच आतलं हत्यार हलणार, तेही हाताची थरथर गाळून. आणि कन्सोलमधून डोकं बाहेर काढलं की हत्यारं जागच्या जागी थांबतात. इथे मी सैलावलो. आमच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनला लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशाचा पडदा, असतो, मध्ये हात आला की प्रेस थांबते. तीच जात.

मग मी विचारलं, नट किती आवळला ते फिटरच्या हाताला कळतं, मॅडमना टाका किती ओढला ते कसं कळणार? तुम्ही सरळ सांगितलंत की या यंत्रात हाताला ते जाणवत नाही, डोळ्यांनी ओळखावं लागतं. चित्र मोठं आणि खोल-उथळ कळेल असं दिसतं, आणि ती नजर सरावाने तयार होते. दुसऱ्या कुणी "काका, काळजी करू नका" म्हणून फाइल मिटली असती.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, रोबो हवाच असं तुम्ही म्हणाला नाहीत. जांघेतल्या हर्नियाला साध्या दुर्बिणीनेही तितकाच चांगला निकाल मिळतो, रोबोला वेळ आणि पैसा जास्त लागतो, हे तुमच्याच तोंडचं. उजवीकडचं माझं ऑपरेशन 2009 साली पुढून चिरून झालेलं, तिथेच पुन्हा फुगवटा आलेला, डावीकडे नवीन सुरुवात. त्यामुळे जुन्या व्रणात न शिरता मागच्या बाजूने जायचं आणि त्याच तीन भोकांतून दोन्हीकडे जाळी बसवायची, एवढं पक्कं होतं. मॅडमचा हात रोबोवर बसलाय म्हणून मी रोबो घेतला. कारागीर ज्या मशीनवर रुळलाय त्याच मशीनवर जॉब द्यावा. विम्याने रोबोटिकला मर्यादा घातली होती, वरचे पैसे खिशातून गेले. त्याबद्दल तक्रार नाही, आधी माहीत होतं.

भूल चढण्याआधी शेवटचे दिसलात ते तुम्हीच. नंतर कळलं की मॅडम कन्सोलवर असताना टेबलाशी तुम्ही उभे होतात: हत्यार बदलायचं, कॅमेऱ्याची काच पुसायची, दहा बाय पंधरा सेंटिमीटरची जाळी गुंडाळून आत सोडायची, आणि काही बिनसलं तर रोबोचे हात बाजूला काढायचे. आमच्या भाषेत सेटर, मशीन कामासाठी लावून देणारा. सेटरचं नाव जॉबवर कधीच येत नाही.

त्या रात्री लघवी अडली. साठीच्या पुरुषांना हर्नियानंतर हे होतं, पण मला ते लाजेने सिस्टरना सांगवेना. साडेअकराला तुम्ही फेरीला आलात, पोटावर हात ठेवलात आणि मी काही बोलायच्या आत ओळखलंत. खांदा दुखतोय म्हटल्यावरही, पोट फुगवायला भरलेल्या वायूने छाती आणि पोटामधल्या पडद्याला त्रास होतो आणि कळ खांद्यात येते, हे समजावलंत. ऑपरेशन जांघेचं, ठणका खांद्याला, आमच्या सौ. अजून मानत नाहीत. दहाव्या दिवशी जांघेत गोळा लागला तेव्हा मी हर्निया परत आला म्हणून हाय खाल्ली. तुम्ही तपासून म्हणालात, पाणी साचलंय, जिरेल, सुई टोचायची नाही. महिन्याभरात जिरलं.

आभार मानायचे ते या सगळ्याचे. एक मागणं मात्र राहिलंय. तुम्ही म्हणाला होतात की त्या हत्यारांना मोजून आयुष्य दिलेलं असतं, ठरलेले वापर संपले की मशीन ते हत्यार घेतच नाही. टूल लाइफ, अगदी आमच्यासारखं. तसं एखादं बाद झालेलं हत्यार कधी दाखवता आलं तर बघा. घरी नको, तिथेच उभ्याउभ्या बघेन. त्या चिमुकल्या मनगटात तारा कशा ओवल्यात, ते मला कळलंच पाहिजे.

आपला,
टूलरूमवाले काका