ताई, पेन आमच्याच हातात ठेवलंत

आदरणीय ताई,

तुम्ही आमचं गाव सोडून दुसऱ्या भागात कामाला गेलात, त्याला दोन वर्षं झाली. परवा ग्रामसभेत तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामाचा हिशोब वाचून झाला आणि मागून एक बाई म्हणाली, "आज ताई हव्या होत्या." तेव्हाच ठरवलं की लिहायचं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहायचं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्हाला वाटलं, शेळ्या नाहीतर शिलाई मशीन वाटायला आलात. तुम्ही विचारलंत, "हे जंगल कुणाचं?" सगळे गप्प. घराच्या कुडासाठी चार बांबू आणायचे तरी आम्ही चोरासारखे अंधारात जायचो. २००६ चा वनहक्क कायदा तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बांबू आणि तेंदू ही गौण वनोपज आहे, ती गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क गावाचा आहे, हे तुम्ही वाचून दाखवलंत तरी खरं वाटलं नाही. मग तुम्ही आम्हाला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावात नेलंत. त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला होता आणि २०११ पासून बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभा स्वतः देत होती. ते परवान्याचं पुस्तक आमच्या म्हाताऱ्यांनी हातात धरून बघितलं. तिथून परतताना गाडीत कुणी झोपलं नाही.

आमच्या गावाचा वनहक्काचा दावा तुम्ही एका रात्रीत लिहून दिला असतात. तेव्हा आमचा तोच हट्ट होता आणि तुमचा रागही आला होता. पण पेन तुम्ही आमच्याच पोरांच्या हातात दिलंत. अक्षर वाकडं आलं, कागद तीनदा फाटले, तरी तुम्ही बाजूला बसून राहिलात. सभेला निम्मी प्रौढ माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, हा नियम तुम्ही कधी सैल केला नाहीत. बाया कमी म्हणून दोन सभा मोडल्या. तिसऱ्या सभेला पुरुषच घराघरांत बोलवायला आले. त्या दिवशी मी गावासमोर पहिल्यांदा बोलले.

वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा असतो, हे तुम्ही सांगितलंत म्हणून माझी आजेसासू पुढे आली. तिला गोंडीच येत होती. डोळे मिटून ती नाले, डोंगर, देवाच्या जागा एकामागून एक सांगत गेली, जशी लहानपणी सरपणाला चालत गेली होती तशी. माझ्या दिराने मराठीत लिहून घेतलं. तुम्ही म्हणालात, "आता त्यांना गोंडीत परत वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या." वाचताना तिने एका नाल्याचं नाव दुरुस्त केलं. नंतर हद्द फिरलो तेव्हा तो नाला तिने सांगितला तिथेच निघाला.

हक्क मिळाल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच हंगामात एका ठेकेदाराने रॉयल्टी थकवली. आम्ही तुम्हाला फोन केला, तर तुम्ही विचारलंत, "करारनाम्यात काय लिहिलंय?" काहीच धड लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून आगाऊ रक्कम बँकेत जमा झाल्याशिवाय फळीवरचं, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवरचं, एक पोतंही हलत नाही. सत्तर पानांचा पुडा असतो. तो मोजायला आता आमच्याच मुली बसतात आणि रोजचा आकडा संध्याकाळी मोठ्याने वाचतात. पूर्वी किती पुडे बाद ठरवले हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती.

ताई, आमच्या घरातलं सांगते. आम्ही नवरा-बायको दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जायचो, पोरगी शाळा सोडून सोबत यायची. हात रात्रभर जळायचे, तिचेही. गेली तीन वर्षं आम्ही गेलो नाही. पोरगी यंदा दहावीला आहे. याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते मला सुचत नाही.

आजेसासू मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्या जबाबाची एक प्रत गोटूलमध्ये, गावाच्या सामूहिक घरात, लावली आहे. दुसरी या पत्रासोबत तुम्हाला पाठवते आहे. दुरुस्त केलेलं नाव तिसऱ्या ओळीत आहे.

तुमची,
ग्रामसभेतली एक बाई