ताई येतील

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये फेब्रुवारीपर्यंत रात्रपाळीला असलेल्या वॉचमन मामांना,

मामा, हे फोनवरच सांगायचं होतं. पण एजन्सीने तुमची ड्युटी एका दिवसात बदलली आणि नंबर मागितला तर "मॅडम, दुसरा माणूस दिलाय ना" एवढंच ऐकवलं. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमची पुतणी दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असते म्हणायचात. तिच्या नजरेला पडलं तर वाचून दाखवेल.

माझं कोनफळाचं, त्या जांभळ्या कंदाचं, वेड सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. गच्चीत टोमॅटो लावले की लोक फोटो काढतात. जमिनीखाली वाढणारं काही लावलं की त्याला 'मॅडमचा मातीचा पसारा' म्हणतात. गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळीनंतर कोनफळाचा वेल पिवळा पडायला लागला, तेव्हा घाबरून मी नर्सरीत फोटो दाखवला. "बुरशी आहे, पाणी जास्त झालं, कुंडीसकट टाका," असं सांगून वर एक औषधाची बाटली गळ्यात मारली. मी शहाणीने ती कुंडी खरंच कचऱ्याच्या गाडीत दिली! तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत, फक्त कपाळाला हात लावलात. "ताई, वेल वाळतो तेव्हाच कोनफळ भरलेलं असतं. आमच्या म्हसळ्याकडं वेल वाळल्यावरच खणतात." मे महिन्यात लावलेला तुकडा पावसाळाभर पानांवर कमावतो आणि थंडी आली की सगळं खाली कंदात ठेवून वेल मोकळा होतो. नर्सरीवाल्याला हे माहीत नव्हतं, की बाटली खपवायची होती, देव जाणे.

गेल्या वर्षी मी शिकले होते. निळ्या ड्रमचा अर्धा भाग, शेणखत, पालापाचोळा, आणि शिवरात्रीला स्टेशनकडच्या बाजारातून आणलेल्या कोनफळाचा सालीसकट राखून ठेवलेला तुकडा. वेल टाकीच्या पाइपावर चढला. चौकोनी देठ, चारही कडांना झालर. तुम्ही रात्रीच्या फेरीत टॉर्च मारून बघायचात, "आज वीतभर वाढला" म्हणून सकाळी सांगायचात.

आणि ऐन डिसेंबरात आई पडली. खुब्याचं ऑपरेशन, अकरा दिवस मी हॉस्पिटलात. त्यातच गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं. 'गच्चीतलं भंगार दोन दिवसांत हलवा' हा ग्रुपवरचा मेसेज मी पाचव्या दिवशी वाचला. आमच्या कमिटीत इंजिनिअर आहेत, निवृत्त बँक मॅनेजर आहेत. आई कुठे आहे, मी कुठे आहे, सगळ्यांना माहीत होतं. एक फोन करावा असं कुणालाही वाटलं नाही.

घरी आल्यावर आधी गच्चीत गेले. सगळं साफ. तुळससुद्धा गेली होती. टाकीच्या मागे मात्र गोणपाटाखाली काहीतरी होतं. गोणपाट उचललं तर माझा ड्रम. वाळक्या वेलाचं बुंध्याशी राखलेलं खुंट सुतळीने काठीला बांधलेलं, कंद नेमका कुठे आहे ते कळावं म्हणून. आणि निळ्या प्लॅस्टिकवर पांढऱ्या खडूने, थोडं तिरकं:

'आत कोनफल आहे. टाकु नये. ताई येतील.'

मामा, तो मातीने भरलेला ड्रम तुम्ही एकट्याने कसा सरकवलात ते मी विचारलंच नाही. मी त्या शेवटच्या दोन शब्दांपाशीच अडकले. अकरा दिवस डॉक्टरांनी 'बघू' म्हटलं होतं, नातेवाइकांनी 'वयच झालंय' म्हटलं होतं. मी परत येणार, हे धरून चाललेलं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याने ते लिहूनही ठेवलं होतं. तिथेच टाकीला टेकून मी रडले. साधा चांगुलपणा इतका बिनबोभाट असतो की आपण जिन्यात रोज त्याच्या शेजारून जातो आणि 'गेट उघडा' एवढंच म्हणतो. मीही तेच केलंय, कबूल करते.

काढताना तुम्ही फावडं लावू दिलं नाहीत. जखम झाली की कोनफळ सडतं, म्हणून आपण दोघांनी हातांनी माती उकरली. सव्वादोन किलो! हत्तीच्या पायासारखं वेडंवाकडं, कापल्यावर आत गर्द जांभळं, बोटांना चिकट. आईला खीर केली. महिनाभर चमच्याला तोंड न उघडणारी बाई दुसऱ्या घासाला म्हणाली, "ह्यात वेलची कुणी घातली? जायफळ घालतात." मला तर तो डिस्चार्जच वाटला.

वरचा डोळ्याचा तुकडा तुम्ही सांगितल्याप्रमाणे राख लावून बाल्कनीत टांगलाय. परवा त्याला कोंब दिसला, नखाएवढा. ड्रम धुतलेला नाही. पहिल्या पावसात खडू जाईल, म्हणून अक्षरांवर सेलोटेप लावलीय. कमिटीला काय म्हणायचं ते म्हणू दे. यंदाचं अर्धं कोनफळ तुमचं. कुठल्या गेटवर आणून देऊ, तेवढं कळवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई