दोस्तास पत्र: कापसाचा भाव आणि तुझी यादी

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
डिसेंबर २०२५

प्रिय गड्या,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोललो असतो तर आपण भांडलो असतो, म्हणून लिहायलाच बसलो.

कंपनी तुझ्या टीममधली दोन माणसं काढतेय, नावं वरूनच आली, आणि तू म्हणतोस, "हातात नाही ते सोडून दिलं. स्टोइक झालो, आता झोप लागते." झोप लागते याचा आनंद आहे. पण तू एपिक्टेटसचं, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन काळातल्या स्टोइक तत्त्वज्ञाचं, नाव घेतलंस, म्हणून त्याच्याच बाजूनं तुझी उलटतपासणी घेतो.

काय आपल्या हातात आणि काय नाही, हे त्याच्या शिकवणीचं पहिलंच कलम. गुलाम म्हणून वाढलेला, पायानं अधू, सुटका झाल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा चालवणारा माणूस. त्यानं स्वतः काही लिहिलं नाही, शिष्य एरियननं उतरवून घेतलं. शरीर, पैसा, हुद्दा, लोकांचं बोलणं हे बाहेरचं; आपलं मत, आपली इच्छा, आपलं वागणं हे आपलं. तू 'बाहेरचं' एवढंच वाचून पुस्तक मिटलंस लेका!

आता इकडचं ऐक. ऑगस्टमध्ये सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि नंतर ही माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल, पण खेडा खरेदीला येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली बोलतो. सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, बाराच्या वर गेला की घेतच नाहीत. यातलं काय माझ्या हातात? शुल्क नाही, भाव नाही, दवही नाही. दव वाळेपर्यंत वेचणी सुरू न करणं आणि कापूस वाळवून मग गाडीत भरणं, एवढंच. सिसेरो या रोमन लेखकानं स्टोइकांचा तिरंदाज सांगितलाय: नेम नीट धरणं त्याचं काम, बाण लागणं न लागणं त्याच्या कामाचा भाग नाही. इथवर तुझं माझं जमतं.

पुढे जमत नाही. भाव पडला तेव्हा पारावर ठरलं की वेचणीचा दर किलोमागं एक रुपयानं खाली आणायचा. सगळेच पाडणार, मग मी एकटा काय करू, असं मीही म्हणू शकलो असतो. आई ओट्यावर तूर निवडत होती. तिथूनच म्हणाली, "भाव पाडला व्यापाऱ्यानं, अन् कापता बायाइची मजुरी काऊन?" विषय संपला. आमच्या वावरात जुनाच दर राहिला. शेजारचा वावरवाला अजून आमच्याशी धड बोलत नाही, पण ते त्याच्या हातातलं.

संध्याकाळी काटा निंबाच्या फांदीला टांगतात, तेव्हा तू एकदा इथं उभा राहा. दिवसभर वाकून वेचलेलं गाठोडं आकड्याला लागतं आणि बाई काट्याकडं बघतच नाही, माप सांगणाऱ्याच्या तोंडाकडं बघते. फडक्याचं वजन किती धरणार, वरचे दोनशे ग्रॅम सोडणार की मोजणार, हे तिला त्या तोंडावरून कळतं. स्टोइकांच्या चार सद्गुणांत शहाणपण, धैर्य आणि संयम यांच्या जोडीला न्याय आहे, तो मला या काट्यापाशी दिसतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत हा चौथा कुठंच नसतो. तिथं नुसतं "थंड राहा" चालू असतं.

मार्कस ऑरेलियसचंही तेच. इ.स. १६१ ते १८० रोमचा सम्राट आणि स्टोइक, राज्यात साथ आणि सीमेवर युद्ध, आणि हा स्वतःसाठी ग्रीकमध्ये टिपणं लिहितोय. सकाळीच स्वतःला बजावतो की आज आगाऊ, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटतील. पण त्यांच्याकडं पाठ फिरव असं म्हणत नाही. आपण एकमेकांच्या जोडीनं काम करायलाच जन्मलोय, हातापायांसारखे, असं म्हणतो. (सेनेका या रोमन स्टोइकाचं मात्र मला जमत नाही. पत्रं सुरेख लिहितो, पण गडगंज श्रीमंतानं गरिबीची गोडी सांगावी हे पचत नाही.)

मागच्या महिन्यात विहिरीवरच्या मोटारीचा तांब्याचा केबल चोरीला गेला. एपिक्टेटसचा लोखंडी दिवा चोरानं नेला तेव्हा तो म्हणाला होता, उद्या मातीचा आणू. मी ॲल्युमिनियमचा आणला. तक्रारही दिली, कारण शांत राहायचं म्हणजे गप्प बसायचं असं त्यानं कुठं सांगितलंय?

अजून एक. हे तत्त्वज्ञान स्वतःवर वापरायचं. ज्याच्या घरात कर्जापायी माणूस गेला, त्याच्या दारात जाऊन "मन खंबीर ठेवा, परिस्थिती आपल्या हातात नसते" असं सांगणारे आपल्या भागात खूप झाले. तुझ्या त्या दोघांना तू हे वाक्य ऐकवू नकोस, एवढं ऐक माझं.

यादी वरून आली, मान्य. पण त्या दोघांना समोर बसवून सांगणारा कोण? त्यांच्या कामाबद्दल दोन खऱ्या ओळी लिहून देणारा, ओळखीत चार फोन करणारा, नोटीसचा पूर्ण पगार आणि रजेचे पैसे मिळतायत का ते बघणारा कोण? आणि ही नावं चुकीची आहेत असं तुला वाटत असेल, तर वरच्यांना एकदा तसं लिहून दे. ते ऐकणार नाहीत कदाचित. तुझं लिहिणं त्यांच्या ऐकण्यावर अवलंबून नाही.

हे सगळं करून झालं की खुशाल झोप.

त्या दोघांना कधी भेटतोस ते कळव. त्यातला तो अकोल्याचा मुलगा गावाकडं परतायचं म्हणत असेल तर माझा नंबर दे त्याला. आमच्या शेतकरी गटाला हिशेब आणि कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस हवाय. पगार पुण्यासारखा नाही, हे आधीच सांग. तुरीच्या शेंगा भरल्यात, संक्रांतीला आलास तर सोले भाजून खाऊ. आई विचारते, लेकरांना आणतोस का.

तुझाच,
गावाकडचा दोस्त