चादरीवरची रेषा मुलांना दाखवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आठवीत आहे. यंदा शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीला बसते आहे. परवा रात्री वही घेऊन जवळ आली आणि म्हणाली, ‘‘ताता, गणिताच्या बाई म्हणतात रेषेला जाडीच नसते. चित्रकलेचे सर म्हणतात रेषा कुठे जाड, कुठे बारीक आली पाहिजे. मग खरी कुठली?’’ (आमच्या घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, म्हणून मी ताता.)

प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा निघाला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांसाठी जॅकार्ड (कार्डांच्या मागावर नक्षी विणलेल्या) चादरीचे ग्राफ भरण्यात, म्हणजे नक्षी चौकोनी कागदावर चौकोन भरून उतरवण्यात, माझी ३१ वर्षे गेली. मी कपाटातून मोराची लाल-पांढरी चादर काढली आणि तिला मोराच्या मानेवरून बोट फिरवायला सांगितले. विचारले, ‘‘इथे रेघ कुणी काढली?’’ तिने चादर दिव्याखाली धरली, नखाने धागे बाजूला करून पाहिले. रेघेचा वेगळा धागा सापडेना. लाल संपतो आणि पांढरा सुरू होतो, एवढेच. ती कड लालही नाही, पांढरीही नाही, आणि तिला जाडी तर मुळीच नाही. मग चादर उलटी केली. मोर पांढऱ्याचा लाल झाला, कड मात्र जागची हलली नाही.

रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी, असे ग्रीक गणिती युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वी ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात लिहिले, हे शाळेत सांगतात. त्याच व्याख्यांमध्ये पृष्ठभागाच्या कडा म्हणजे रेषा, असेही आहे. ते फारसे कुणी सांगत नाही. अठराव्या शतकात जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथ या पंडितांनी हा ग्रंथ संस्कृतात आणला, तेव्हा त्याला ‘रेखागणित’ हे नाव दिले. ती रेखा सोलापूरच्या घराघरांत अंथरुणावर पडलेली आहे.

चित्राचेही तसेच. घागरीभोवती रेघ कुठे असते? घागर संपते, मागची भिंत सुरू होते. चित्रकार ती कड डोळ्याने पकडतो आणि जाडी हाताने देतो. सावलीकडे दाब, उजेडाकडे हात हलका. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा घोडा पाहावा. मानेच्या एका रेघेत सगळी धाव असते. म्हणून मी नातीला सांगितले, बाईही खऱ्या आणि सरही खरे.

ग्राफवर तर मोराची मान गोल नसतेच. ती पायऱ्यांची असते. एक चौकोन उजवीकडे, दोन वर, पुन्हा एक उजवीकडे. वळणावर पायरी आडवी होत जाते. ग्राफवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पडतात आणि भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो. एक चौकोन चुकला तर मानेवर गाठ आल्यासारखी दिसते, आणि ती गाठ त्या कार्डांवर विणलेल्या प्रत्येक चादरीवर उमटते. मी भिंग लावून कड तपासायचो, मग ग्राफ भिंतीला टेकवून दहा पावले मागे जायचो. तिथून पायऱ्या दिसेनाशा झाल्या की मान जमली.

रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राबरोबर कर्तव्यभूमितीचीही (पट्टी-कंपासने आकृत्या काढण्याची) उत्तरपत्रिका असते. ज्यांनी ही परीक्षा आखली त्यांनी दोन्ही एकत्र ठेवले, आपण शाळेत तोडले. भूमितीची रचना पायऱ्या पाठ करून काढायची आणि चित्र क्लासच्या नमुन्यावरून गिरवायचे. नातीच्या शाळेत दहावीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास गणिताच्या सरावाला दिलेला आहे. याचे मला फार वाईट वाटते.

माझी शाळांना विनंती आहे की गणिताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी एक तास मिळून घ्यावा आणि वर्गात एक चादर आणावी. दुसरे म्हणजे, डिझाइन आता संगणकावर होते, त्यामुळे हाताने भरलेले जुने ग्राफ रद्दीत चालले आहेत. कारखानदारांनी ते किलोवर न विकता जवळच्या शाळेला द्यावेत. माझ्याकडे ४० ग्राफ शिल्लक आहेत, त्यांतले काही मोराचे. कागद पिवळा पडला आहे, पण चौकोन अजून मोजता येतात. मागेल त्या शाळेत मी स्वतः ते घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त ग्राफ डिझायनर, सोलापूर