ट्यूब तीच राहील

म्हार्दोळ, गोवा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मामाच्या 'पॅक-मॅन' व्हिडिओ गेमच्या मशीनमधलं जुनं सगळं काढून टाकू, आत एक छोटा नवा बोर्ड आणि पुढे फ्लॅट स्क्रीन बसवू, चवथीपर्यंत काम होईल, खर्च मी करते, असं तू लिहिलंस. इतक्या मायेनं लिहिलंस की फोनवर नुसतं 'नको' म्हणून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून हे पत्र. स्क्रीन बदलायचा नाही, बाय. बाकी काय बदललं, काय राखलं आणि का, ते सविस्तर सांगते. वाचूनही पटलं नाही तर घरी आलीस की खुशाल भांड.

तू हे मशीन पाहिलंस ते पडवीत ताडपत्रीखाली. ते चालू असताना कसं होतं ते तुला ठाऊक नाही. भुतं चुकवत नकाशातल्या वाटांवरचे ठिपके खायचा हा 'पॅक-मॅन' जपानच्या नामको कंपनीचा खेळ, १९८० सालचा. आपलं मशीन अमेरिकेतल्या मिडवे कंपनीनं बांधलेलं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलनं खेळांची खोली बंद केली तेव्हा आजोबांनी ते विकत घेतलं आणि फोंड्याच्या बाजारातल्या आपल्या कोल्ड्रिंकच्या दुकानात आणून उभं केलं. त्याची नाण्याची फट अमेरिकन नाण्याच्या मापाची. आपला तेव्हाचा रुपया त्याहून मोठा, आत जाईना. आजोबांनी काय केलं, नाण्याच्या स्विचच्या दोन तारा लांबवून गल्ल्याखाली आणल्या आणि तिथे दारावरच्या घंटीचं साधं बटण बसवलं. पोरानं रुपया दिला की आजोबा बटण दाबायचे, पडद्यावर क्रेडिट, म्हणजे एक डाव, जमा व्हायचं. ते पांढरं बटण अजून चालतं. तारा नव्या घातल्या, बटण तेच ठेवलंय.

आता नुकसानाचं सांगते. पडवीत पाणी शिरलं त्या पावसाळ्यात खालची वीतभर फळी फुगून भुश्यासारखी सुटली होती. ही पेटी भुसा दाबून केलेल्या पाटाची असते. एकदा पाणी प्यायली की पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. सुतारकाम आपल्या मेस्तानं केलं. कुजलेला भाग सरळ रेषेत कापून काढला, तिथे मरीन प्लाय जोडला, आतून पट्ट्या मारल्या. सांधा दिसतो. त्यावर पिवळा रंग मारून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. बाजूच्या जुन्या पिवळ्या रंगावर पोरांनी खिळ्यानं कोरलेली अक्षरं आहेत. नवा रंग द्यायचा तर संपूर्ण बाजूच द्यावी लागली असती, आणि ती अक्षरं बुजली असती. आता मशीन चार चिऱ्यांवर उभं आहे, भिंतीपासून हातभर लांब.

आत उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. ते काम कटकटीचं पण सोपं. खरा आजार निराळाच होता. मशीन लावलं की पडदा उजळायचा, अक्षरांचा कचरा दिसायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. थांबायचंच नाही. हा खेळ चालू होताना आधी कचरा दाखवतोच, मग पांढरी जाळी, आणि मग खेळ. आपलं गाडं जाळीपर्यंत पोचायच्या आतच मागे फिरत होतं. या बोर्डावर एक राखणदार सर्किट असतं. प्रोसेसरकडून ठरावीक वेळात हाक आली नाही तर ते समजतं की हा अडकला, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून उठवतं. म्हणजे प्रोसेसर अडकत होता. का, ते मीटरनं सांगितलं. या चिप्सना पाच व्होल्ट लागतात आणि पावणेपाचाच्या खाली गेलं की त्यांचा भरवसा नाही. बोर्डावर साडेचारसुद्धा पोचत नव्हते.

या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरकडून बोर्डाला सात व्होल्टचा एसी जातो आणि त्याचे पाच व्होल्ट डीसी बोर्डावरच होतात. तो सगळा करंट बोर्डाच्या कडेच्या कनेक्टरमधून, दोन-चार पट्ट्यांतून वाहतो. वर्षानुवर्षं त्या तापतात. त्यात आपली दमट हवा. तांब्यावर हिरवी पूड चढते, पूड चढली की सांधा आणखी तापतो, तापला की आणखी खराब होतो. कनेक्टर उपसला तर त्याचं प्लास्टिक एका बाजूनं कोळशासारखं काळं, आणि बोर्डावरच्या त्याच पट्ट्या सालपटासारख्या उचललेल्या. ही या खेळाची जगभर माहीत असलेली खोड आहे. कनेक्टर नवा घातला. उचललेल्या पट्ट्या काढून तांब्याचा पातळ पत्रा कापून चिकटवला, सोल्डर केला. कुंडईच्या कारखान्यात सोल्डरिंगला बसायचे तेव्हा आमच्या सुपरवायझर म्हणायच्या की सांधा चकचकीत आणि उतरता हवा, गोळा नको. तसाच झालाय. तुझ्या बाबांना भिंग देऊन दाखवला.

प्रोग्रॅमच्या चिप्स चार, प्रत्येकीत चार किलोबाइट. खेळाचा अख्खा प्रोग्रॅम सोळा किलोबाइटांत मावतो, तुझ्या फोनमधल्या एका फोटोपेक्षा कितीतरी कमी जागेत. चिपच्या पाठीवर काचेची खिडकी असते, तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला की आतलं पुसलं जातं, म्हणून खिडकीवर पट्टी चिकटवलेली असते. आपल्या एका चिपची पट्टी सुटली होती. चारही चिप्स वाचून घेतल्या, तीन शाबूत, तीच एक बिघडलेली. ती नवी लिहून घेतली. जुनी टाकली नाही, डबीत ठेवलीय.

आता स्क्रीनचं. पिक्चर ट्यूबच्या बोर्डावरचे कंडेन्सर सुकले होते. त्यामुळे चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जात होतं आणि कडा नागमोडी हलत होत्या. सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले, ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डाचे सुटलेले सोल्डरचे सांधे पुन्हा केले. हे काम तू माझ्या गैरहजेरीत करायचं नाहीस. प्लग काढला तरी ट्यूब आपल्या पोटात वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब धरून बसते. आधी पेचकसाला तार बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या चौकटीला लावायचं, मग पेचकसाची पात ईएचटीच्या, म्हणजे ट्यूबला तो दाब पुरवणाऱ्या तारेच्या, रबरी टोपीखाली हळूच सरकवायची, एक हात पाठीमागे ठेवून. 'टक्' असा आवाज येतो. थोडं थांबून पुन्हा तेच करायचं, कारण काच काही चार्ज परत गोळा करते.

चित्र सरळ झालं आणि मग मला ते दिसलं, ज्याच्यामुळे मी तुला नाही म्हणतेय. मशीन बंद कर, खोलीत अंधार कर आणि टॉर्च काचेवर आडवा धर. काचेच्या आत पॅक-मॅनचा अख्खा नकाशा दिसतो. भिंती, मधली भुतांची खोली, दोन्ही बाजूंचे बोगदे, वर गुणांची जागा. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तोच नकाशा त्याच जागी उजळत राहायचा, आणि जिथे किरण रोज पडायचा तिथलं फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला उजळणारा थर, झिजून काळवंडलं. आजोबांनी वह्या ठेवल्या नाहीत, दुकानाचा एक फोटोसुद्धा आपल्याकडे नाही. त्या दुकानात किती संध्याकाळी गेल्या त्याची नोंद या एका काचेवर आहे. दुरुस्ती करणारे याला दोष म्हणतात, ट्यूब बदला म्हणतात. चांगलं, स्वच्छ चित्र हवं असेल तर त्यांचं बरोबरच आहे. पण स्वच्छ चित्रासाठी मी हे करत नाहीये.

हे करताना माझ्या मनात एक नियम पक्का झाला. जिथून वीज जाते तिथे जे खराब ते काढायचं, माया करायची नाही. कंडेन्सर, वायरी, कनेक्टर, प्लग, सगळं नवं. माणसांच्या हातांनी आणि काळानं जिथे खूण सोडली तिथे हात लावायचा नाही. म्हणून जॉयस्टिकचा लाल गोळा झिजून चपटा झालाय तो तसाच आहे. त्याच्या खाली पितळी पात्या एकमेकींना टेकून सिग्नल देतात, त्या मात्र घासल्या. सँडपेपरनं नाही, जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून ओढायचं, मळ कार्डावर येतो आणि पाती झिजत नाही.

आणि आता मामाचं. मशीनचं मागचं दार काढून उन्हात ठेवलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिल दिसली. नकाशाची चित्रं, एकाखाली एक, त्यांत बाण. प्रत्येकावर मामाच्या अक्षरात त्या पातळीची खूण असलेल्या फळाचं नाव: चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद. शेवटच्या चित्रावर लिहिलंय 'नववी चावी, यापुढे हीच चाल'. मी पडवीतच खाली बसले.

ती गोष्ट तुला समजायला हवी. या खेळातली भुतं मनाला येईल तशी फिरत नाहीत. लाल भूत तुझ्या जागेवर नेम धरतं, गुलाबी तुझ्या तोंडाच्या दिशेनं चार घरं पुढे. प्रत्येक वळणावर गणितानं ठरतं. तू मोठा ठिपका खाल्लास की ती निळी होऊन पळतात, तेव्हा वळणं यादृच्छिक असतात, पण तो आकडाही दर वेळी त्याच ठिकाणापासून सुरू होतो. त्यामुळे तू तीच वळणं त्याच क्षणी घेतलीस तर भुतंही तशीच चालतात. मामानं ते कुणीही न सांगता हेरलं होतं. जत्रेच्या नाटकाची भाषणं पाठ करावीत तसा तो चाली पाठ करायचा, ओठ हलवत. एकविसाव्या पातळीपासून, म्हणजे फळांऐवजी खूण म्हणून चावी नवव्यांदा येते तिथपासून, खेळाचा वेग बदलत नाही, म्हणून तीच चाल पुढे चालते. थेट २५६व्या पातळीपर्यंत. तिथे पातळीचा आकडा त्याच्या एका बाइटमध्ये मावेनासा होतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांनी भरतो आणि पुढे जाता येत नाही. मामाला तिथवर जायचं होतं. दुकान बंद करायची वेळ व्हायची आणि आजोबा मेन स्विच काढायचे.

तू म्हणशील, प्रोग्रॅम तोच असला तर नव्या बोर्डावरही मामाची चाल चालेल. चालेल, मी नाकारत नाही. पण इथे ती चाल त्याच नकाशावर चालते जो त्यानं आणि त्या पोरांनी खेळून खेळून काचेत उतरवला. मी चेरीची चाल खेळून पाहिली. माझे हात आता मंद आहेत, दोनदा भुतानं धरलं. मग जमली. त्यानं बाण काढलेल्या प्रत्येक ठिकाणी लाल भूत तिथेच वळलं. तो गेल्यापासून त्याचं सांगणं मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं, बाय. आणखी काही लिहीत नाही.

ट्यूब कायमची टिकणार नाही हे मलाही कळतं. मागून मानेत नारिंगी उजेड दिसतो तो एक दिवस दिसणार नाही. तेव्हा तशीच दुसरी ट्यूब शोधू, नाही मिळाली तर तुझा फ्लॅट स्क्रीन बसवू, मी आडवी येणार नाही. ही काच तेव्हाही जपून ठेवायची, एवढं फक्त कबूल कर.

मामीला अजून काही सांगितलेलं नाही. चवथीला ती मुलांना घेऊन येणार आहे. मागचं दार भिंतीला लावून ठेवतेय, म्हणजे चित्रं मुलांना दिसतील. पेन्सिलीवर वार्निश मारायचं की काच बसवायची, यावर तुझं मत हवंय. मला वाटतं काच. वार्निशनं पेन्सिल पसरते असं मेस्तही म्हणाला.

मशीन ११५ व्होल्टचं आहे, आजोबांचा स्टेपडाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, अजून वापरतेय, पण या घराला नीट अर्थिंग नव्हतं ते आधी करून घेतलं. येताना पेटीच्या कडेला लावायची काळी प्लास्टिकची टी-पट्टी आण, पाऊण इंची, इथे मिळत नाही. गोल गुंडाळीत येते, दुमडू देऊ नकोस. आणि गणपतीवर फळं-भाज्या टांगतो त्या माटोळीसाठी तुझ्या गच्चीवरची कारली पिकली असतील तर चार बांधून घे.

तुझी,
आई