मिरजेच्या त्या कारागीर काकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितोय.

बाबांना कॅन्सर होता, तरी पहाटेचा रियाज चुकत नव्हता. केमोने बोटं बधिर झाली आणि तार छेडणं जड जाऊ लागलं. त्यातच तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांना घुमारा देणारी घोडीची घासणी, बसली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर त्यांनी चरे पाडले होते, नाद पत्र्यासारखा येई. म्हणून तानपुरा घेऊन मी तुमच्याकडे आलो, बाबा घरीच होते.

तुम्ही आधी बाबांच्या बोटांची चौकशी केलीत. मग घोडी कानशीने हलकेच घासलीत, प्रत्येक तारेखाली सुती दोरा सरकवत नाद खुलेल ती जागा शोधलीत. खर्जाची पितळी तार मुद्दाम थोडी बारीक चढवलीत, हलक्या बोटालाही ती बोलावी म्हणून. फोन भोपळ्याजवळ धरून बाबांना एकेक तार ऐकवलीत. ते दोनदा "अजून थोडं" म्हणाले, तुम्ही दोन्ही वेळा तारा सैल करून पुन्हा घासलीत. पैसे घेतलेत फक्त तारांचे. एसटीत भोपळा तडकू नये म्हणून घरची गोधडीही गुंडाळून दिलीत.

बाबा शेवटपर्यंत त्याच तानपुऱ्यावर गायले. संध्याकाळी नातीला शेजारी बसवून सा लावायला शिकवायचे. आता ती तो छेडते.

गोधडी आईने धुऊन ठेवली आहे. ती द्यायला आम्ही सगळे येऊ. मनापासून आभार, काका.