सूचना : आरोग्य विमा योजनेतील डॉक्टरांच्या नेटवर्कबाबत

मंडळाच्या अमेरिकेतील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, डॉक्टरांची वेळ घेण्यापूर्वी ते आपल्या विमा योजनेच्या नेटवर्कमध्ये (म्हणजे योजनेशी करार असलेल्या डॉक्टरांमध्ये) आहेत का, याची खात्री प्रत्येक वेळी करून घ्यावी. दवाखान्यात "आम्ही तुमचा इन्शुरन्स घेतो" असे सांगितले जाते, पण तेवढ्यावर विसंबू नये. एकाच कंपनीच्या अनेक योजना असतात आणि त्यांची नेटवर्क वेगवेगळी असतात. म्हणून कार्डावरील योजनेचे पूर्ण नाव वाचून दाखवावे आणि नेमके कोणत्या पत्त्यावरील दवाखान्यात जायचे तेही सांगावे, कारण तेच डॉक्टर एका ठिकाणी नेटवर्कमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर असू शकतात. संकेतस्थळावरील यादी बरेचदा जुनी असते, तेव्हा कार्डामागील क्रमांकावर फोन करून उत्तर देणाऱ्याचे नाव व तारीख टिपून ठेवलेली बरी.

एचएमओ योजनेत (जिच्यात सहसा नेटवर्कमधील डॉक्टरांकडेच जावे लागते) तज्ज्ञांकडे जाण्यासाठी बहुधा आपल्या प्राथमिक डॉक्टरांची शिफारस लागते. पीपीओमध्ये (जिच्यात नेटवर्कबाहेरही जाता येते) ती सहसा लागत नाही, मात्र नेटवर्कबाहेर गेल्यास खर्चातील आपला वाटा वाढतो.

तातडीच्या प्रसंगी नेटवर्क शोधत बसू नये. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सर्प्रायझेस' कायद्यानुसार बहुतेक योजनांमध्ये तातडीच्या उपचारांसाठी नेटवर्कमधील दरानेच रुग्णाचा वाटा आकारला जातो. रस्त्यावरून धावणाऱ्या रुग्णवाहिकेला मात्र हे संरक्षण नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्याचे नियम याहून वेगळे असल्याने त्यांची पॉलिसी स्वतंत्रपणे वाचावी.

– कार्यकारिणी